आमच्या भिंतीवरचे गोल-चौकोन

गोधडी शिवायला बसणारी बाई आधी सुई शोधते, नाहीतर कात्री. आमच्या कमळानं चुना भिजवला.

मी दाढी करत होतो. आरशात मागं ती दिसली. एका हातात चुन्याची वाटी, दुसऱ्या हातात चावून मऊ केलेली दातवणाची काडी, आणि समोर आमची रस्त्याकडची भिंत. ही भिंत म्हणजे काही ऐरीगैरी भिंत नव्हे. मागच्याच उन्हाळ्यात गिलावा केलेली, अख्ख्या मोहटेक गावात सर्वांत लांब आणि सर्वांत सपाट. निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांचे लोक तिच्यासाठी हात जोडून आले होते आणि दोघांनाही मी चहा पाजून वाटेला लावलं होतं. त्या भिंतीवर कमळानं एक गोल काढला. त्याला चिकटून चौकोन. चौकोनाच्या डोक्यावर त्रिकोण. मग दोन पावलं मागं सरकून मान तिरपी करून बघितलं, आणि बाजूला आणखी एक गोल काढला.

अर्ध्या दाढीनं मी बाहेर आलो. तिनं जे सांगितलं ते असं. चंद्रपूरला बायकांचं गोधडीचं शिबिर झालं, तिथं ही गेली होती. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणे, रोज सकाळी दुसरं काही सुचायच्या आत गोल, चौकोन आणि त्रिकोण काढत बसायचं. काय काढायचं ते ठरवायचं नाही, खोडायचं नाही. काही दिवसांनी गोधडीचा नमुना त्यातून आपला आपण वर येतो. सासूनं घालून दिलेल्या उभ्या-आडव्या पट्ट्या शिवण्यात कमळाचा जन्म गेला होता. आता तिला एक गोधडी स्वतःच्या मनची करायची होती.

"पण कशासाठी काढायचे हे गोल?" मी विचारलं.

"कशासाठीच नाई. तेच तं शिकवलं," ती म्हणाली.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. मी कारकून माणूस. कशासाठीच नाही असं काम मी पुष्कळ पाहिलं आहे, पण पहाटे उठून हौसेनं करताना कुणाला पाहिलं नाही. तरी म्हटलं, जाऊ दे. बायको शिबिरातून काहीतरी घेऊन येणारच. मागच्या वेळी सोयाबीनचं दूध करायला शिकून आली होती, ते तर प्यावं लागलं होतं.

माझी नोकरी माजरीकडच्या कोळसा खाणीच्या एका ऑफिसात, जमीन विभागात. काम आवक-जावकचं. बंद पाकीट येतं, मी शिक्का मारतो, बंद पाकीट पुढं जातं. आत काय आहे ते पाकिटाच्या डिंकाला जितकं माहीत तितकंच मला. पण गावात पक्का समज, की गुणवंतरावले आतलं सगळं माहीत असते. हा समज मी पसरवला नाही, मोडलाही नाही. टपरीवर गेलं की लोक सरकून बसायला जागा देत, एवढंच.

आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की आमच्या भागात चुना दिसला की तो पानाचा का जमिनीचा, हे आधी बघतात. खाण थोडी थोडी पुढं सरकत असते. ती कोणत्या गावाकडे सरकणार ते आधी कळत नाही. एक दिवस माणसं येतात, शेतात चुन्याच्या रेघा मारतात, घरांवर खुणा करतात, आणि मग मोबदला ठरतो. नुसता जमिनीचा नाही. विहीर असली तर विहिरीचा, फळझाड असलं तर झाडाचा, पक्की खोली असली तर खोलीचा. त्यामुळे चुना पडायच्या आधी ज्याला वास लागला तो शहाणा. पलीकडच्या एका गावाला असा वास लागला तेव्हा लोकांनी इतक्या खोल्या काढल्या की बैलाला वळायला जागा राहिली नाही. वास खोटा निघाला. लोक अजून त्या खोल्यांमध्ये कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, भरतात.

हे सगळं मला माहीत होतं. पण आपल्या घरची बाई आणि आपल्या घरची भिंत, तिथं डोकं चालत नाही.

पहिला अडकला सोमाजी. सोमाजी माझा सख्खा शेजारी. आमच्यामध्ये एक कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून एक जुनं भांडण आहे, बाकी संबंध चांगले. तो संध्याकाळी आला, पाणी प्यायला, कापसाबद्दल बोलला, अळीबद्दल बोलला, आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला की वैनीनं भिंत चांगली रंगवून राह्यली. मी सांगितलं, शौक आहे तिचा, गोधडीसाठी आहे. सोमाजी म्हणाला, हौ, शौकच असन. आणि त्यानं डोळा मारला. उभ्या आयुष्यात सोमाजीनं मला डोळा मारला नव्हता.

"अरे, खरंच त्यात काही नाही," मी म्हटलं.

"तुमी सांगू नका, गुणवंतभाऊ. नोकरी हाय तुमची. आमाले समजत नाई का?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात विटांचा ट्रॅक्टर रिकामा झाला.

मग काय विचारता. माझ्या भिंतीसमोर लोकांच्या सायकलींच्या चेनी पडायला लागल्या. चेन बसवता बसवता माणूस भिंत वाचून घ्यायचा. चौकोन म्हणजे घरं, हे कुणी सांगायला नको होतं. गोल म्हणजे विहिरी. त्रिकोणाबद्दल दोन मतं होती. काहींच्या मते देऊळ, काहींच्या मते झाड. चौकातला शिंपी कय्यूमभाई, ज्याच्या दुकानातून कमळाला चिंध्या मिळत, तो एकदा माझ्या पँटचं माप घ्यायला लागला. मी पँट शिवायला टाकलीच नव्हती. कमरेला टेप लावता लावता त्यानं हळूच विचारलं, "भाई, चौकातला तो तिकोन माह्या दुकानावर येते का बाजूच्या पानठेल्यावर? खरं सांगा, मी कोनाले नाई बोलत." मी सांगितलं की तो त्रिकोण कुठंच येत नाही. कय्यूमभाईनं टेप गुंडाळला, माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं, आणि दुकानामागं टिनाचं शेड उभं करायला घेतलं.

वरोऱ्याच्या नर्सरीत संत्र्याची कलमं संपली. मग लिंबाची संपली. शेवटी शेवटी लोक कशाचंही रोप आणत आणि त्याला आंबा म्हणत.

या सगळ्यात सुखी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमची कमळा. तिच्या मते मोहटेकला कला कळायला लागली होती. सकाळी ती चुन्याची वाटी घेऊन बाहेर आली की बायका जमत. येताना कुणी वालाच्या शेंगा आणी, कुणी ताक, कुणी घरची हळद. आणि मग लाडीगोडी चाले. कमळाबाई, हा गोल थोडा मोठा करा ना. कमळाबाई, या चौकोनाच्या बाजूले अजून एक चौकोन बरा दिसन. कमळाला वाटे, वा, काय नजर आहे. ती मन लावून गोल मोठा करी. बाई समाधानानं घरी जाई आणि नवऱ्याला सांगे, आपली विहीर मोठी धरली. मी कमळाला समजावायला गेलो तर ती म्हणाली, साऱ्या गावाले समजून राह्यलं, तुमालेच काऊन समजत नाई? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या समजशक्तीबद्दल तिनं इतक्या शांतपणे कधी मत दिलं नव्हतं.

मी ठरवलं, भिंतच पांढरी करून टाकायची. कमळा बाजाराला गेली तसा मी बादलीभर चुना कालवला, कुंचा घेतला आणि एका टोकाकडून सुरुवात केली. अर्धी भिंत झाली आणि चुना संपला. आणखी आणायला दुकानात जाऊन येतो तो घरासमोर ही गर्दी. ज्यांची घरं माझ्या पांढऱ्या केलेल्या अर्ध्या भागात होती असं त्यांचं म्हणणं होतं, ते सगळे आले होते. आम्हाला काऊन काढलं? पैसे खाल्ले का वरच्या आळीचे? एक म्हातारी तर भिंतीला हात लावून रडत होती, कारण तिनं कालच उधारीवर विहिरीला खड्डा घेतला होता. वरची आळी मागं उभी राहून म्हणत होती की भाऊनं केलं ते विचार करूनच केलं असन.

इतक्यात कमळा आली. तिनं भिंत पाहिली, माझ्या हातातली बादली पाहिली. पिशवी खाली ठेवली आणि घरात गेली. रात्री मला पिठलं वाढलं ते ताटाकडे न बघता. मला फार वाईट वाटलं. सकाळी मीच चुना भिजवून वाटी तिच्या हातात दिली, आणि पुसलेला भाग तिनं पुन्हा काढला. अर्थात आधीसारखा नाही. ठरवून काढत नव्हती ना ती. झालं. जुन्या आणि नव्या भिंतीतला फरक समजून घ्यायला आता शेजारच्या गावांतून माणसं यायला लागली.

गावात इतकं बांधकाम चालल्यावर ऑफिसात कळायला किती वेळ. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब नागपूरचे, मितभाषी. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, मोहटेकच्या लोकांना असं काय कळलं आहे, जे मला माहीत नाही? मी म्हटलं, साहेब, गोधडी. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच संशय आला.

मग ते सर्व्हेअर नदीमला घेऊन स्वतः आमच्या घरी आले. नदीम बाजूला उभा राहून हातातल्या नकाशाशी भिंत ताडून बघत होता. सरळ धरून जुळेना. आडवा धरून जुळेना. मग त्यानं नकाशा उलटा धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, सर, असा धरला तर थोडा थोडा जुळून राह्यला. थोडा थोडा म्हणजे काय, मी विचारणार होतो. पण तोवर साहेबांचा चेहरा बदलला होता. नकाशे बंद कपाटात असतात, ते म्हणाले, आणि कपाट तुमच्या टेबलामागं आहे. चौकशी होईल. भिंतीवरचं हे खरोखर गोधडीचं असेल तर गोधडी दाखवा. मी नागपूरहून परत येईपर्यंत. नाहीतर घरी बसायची तयारी ठेवा.

घरी बसायची तयारी. मुलगी रीता कॉलेजला, घराचं कर्ज अर्धं डोक्यावर, आणि मी घरी बसून काय करणार, गोल काढणार? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कमळाला सांगितलं तेव्हा मात्र ती खुलली.

"एवढंच ना? मंग शिवून टाकू," ती म्हणाली.

पण ती एकटी एवढी मोठी गोधडी इतक्या लवकर शिवणार कशी? बायकांना हाक घातली आणि गावातल्या झाडून साऱ्या बायका आल्या. मला भरून आलं होतं. वाटलं, माणसं किती चांगली असतात. मग माझ्या लक्षात आलं की कुणीही कमळानं दिलेली चिंधी वापरत नाही. प्रत्येकीनं घरून स्वतःचं कापड आणलं होतं. सोमाजीच्या बायकोनं चौकड्याचं लुगडं, कय्यूमभाईच्या बायकोनं, जमीलानं, हिरवी ओढणी. का, तर उद्या गोधडी साहेबासमोर जाणार, तेव्हा आपलं घर दुसऱ्याच्या नावावर लागायला नको. ओसरीवर ती गोधडी पसरलेली, चारी बाजूंनी बायका, आणि एकीची सुई चालली की बाकी सगळ्यांची नजर त्या सुईवर. कुणी पाणी प्यायला उठली की परत येईपर्यंत शेजारणीचा चौकोन दोन बोटं पुढं सरकलेला असे. कमळा सांगत होती, बायांनो, ठरवू नका, हात जाईल तसा जाऊ द्या. प्रत्येकीचा हात आपापल्या घराकडेच जात होता.

त्या गर्दीत कमळाची जागा घटत घटत एका कोपऱ्यात आली. मी तिला ओळखतो. तोंड लहान करून ती कोपऱ्यात टाके घालत होती. मला म्हणावंसं वाटलं, की यांना सगळ्यांना हाकलून दे. पण मला नोकरी वाचवायची होती, म्हणून मी सगळ्यांना चहा केला.

चौकशीच्या दिवशी गोधडी मी उचलली आणि कमळा मागून आली, कारण गोधडी माझ्यावर सोडायची तिची तयारी नव्हती. तिला बाहेर बाकावर बसवलं. आत साहेब, नदीम आणि आणखी एक नागपूरहून आलेले अधिकारी. टेबलावर गोधडी पसरली तर दोन्हीकडून जमिनीवर लोळायला लागली. नदीमनं चष्मा पुसला, खाली वाकून बघितलं. तो म्हणाला, "सर, हे तं मोहटेक हाय."

आणि होतंच. प्रत्येक बाईनं आपलं घर शिवलं, शेजारणीनं तिच्या बाजूला आपलं, असं करत करत सगळं गाव टेबलावर आलेलं. जे नकाशा नाही असं दाखवायला मी घेऊन गेलो, तो चिंध्यांचा नकाशा निघाला. घाम पुसायला खिशात हात घातला तर रुमाल सापडेना.

नदीमनं खरा नकाशा काढून बाजूला ठेवला आणि एक एक ताडायला लागला. पहिल्यांदा नाला शोधला. नाला नव्हता. नाल्याचा मोबदला मिळत नाही, म्हणून नाला कुणी शिवलाच नव्हता. मारुतीचं देऊळ दोन जागी होतं, कारण दोन्ही आळ्यांना ते आपल्याकडे हवं होतं. सोमाजीचं घर माझ्या कुंपणावरून पुढं येऊन थेट शाळेला टेकलं होतं. जमीलाच्या हिरव्या ओढणीतून एवढी मोठी बाग निघाली होती की चौकच गायब झाला होता. विहिरी तर विचारूच नका. त्यातल्या अर्ध्या जरी खऱ्या असत्या तरी आम्हाला उन्हाळ्यात टँकर लागला नसता. नागपूरचे अधिकारी सुरुवातीला गंभीर होते, मग त्यांनी तोंडावर फाइल धरली.

साहेब शेवटी म्हणाले, "ज्यानं आमचा नकाशा एकदा जरी पाहिला, त्याच्या हातून हे होऊच शकत नाही."

म्हणजे मी सुटलो. गावाच्या हावरेपणानं मला वाचवलं. मी गोधडीची घडी घालायला पुढं झालो, तेवढ्यात साहेबांनी तिच्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे पुन्हा बारीक झाले. "गुणवंतराव, यात तुमचं घर कुठं आहे?"

मी शोधलं. सोमाजीच्या घराशेजारी शोधलं, रस्त्याकडेनं शोधलं. नव्हतं. सगळ्या गावाची घरं होती, पिठाच्या गिरणीवाल्याची दोन होती, आणि माझं एकही नाही. माझ्या स्वतःच्या बायकोनं शिवलेल्या गोधडीत मला घर नाही, हे मला भर ऑफिसात कळलं. आणि साहेब म्हणत होते की सगळ्यांची घरं टाकली, फक्त स्वतःचं वगळलं, म्हणजे या माणसाला काहीतरी माहीत आहे.

कमळाला आत बोलावलं. ती पदर सावरून टेबलापाशी उभी राहिली. साहेबांनी विचारलं, बाई, तुमचं घर का नाही शिवलं?

"साहेब, मले घर शिवाचंच नव्हतं," कमळा म्हणाली. "साऱ्यायनं आपापलं शिवलं. मले हा कोपरा भेटला." तिनं कोपरा उचलून दाखवला. निळ्या खणाचा एक गोल, त्याला टेकून पिवळा चौकोन, मध्ये घुसलेला एक वाकडा त्रिकोण.

"ही विहीर आहे?"

"नाई."

"मग झाड?"

"नाई जी. काई नाई हाय ते."

"काही नाही म्हणजे?" साहेबांचा आवाज चढला.

"काई नाई म्हंजे काई नाई. बरं वाटलं म्हून काढलं." मग तिनं कोपरा परत टेबलावर नीट पसरला. "साऱ्या गावात काईच नाई अशी येवढीच जागा उरली, साहेब. ती तरी राहू द्या."

साहेबांनी तो कोपरा बोटानं चाचपून बघितला, उलटून मागचे टाकेही बघितले, आणि फाइल मिटली. जा घेऊन, म्हणाले. आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा म्हणाले, मोहटेककडे खाण येत नाही, काही ठरलेलं नाही. मला कमळाचा अभिमान वाटला आणि तिच्याकडे बघायची लाजही वाटली. घरी येईपर्यंत गोधडी मीच डोक्यावर घेतली होती.

गावात मी टपरीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की साहेबांनी माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं आहे, मोहटेककडे खाण येत नाही, काहीही ठरलेलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, पटलं. मग सोमाजी म्हणाला, "साहेबानं सोताहून सांगतलं का, येत नाई म्हून? मंग पक्कं हाय." आणि ज्यांची बांधकामं पैशावाचून थांबली होती, त्यांनी ती पुन्हा सुरू केली.

मी हसलो त्यांच्यावर. पण रात्री पडल्या पडल्या आठवायला लागलं. साहेब काही ठरलेलं नाही म्हणाले खरे, पण म्हणताना खिडकीकडे बघत होते. आणि नागपूरचा तो माणूस हसला कशाला? माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत नागपूरचा माणूस हसलेला मी पाहिला नाही.

पुढच्या आठवड्यात वरोऱ्याला काम निघालं. काम काय होतं ते आता आठवत नाही. दिवेलागणीला मी परसात पहारीनं खड्डे करत होतो आणि पोत्याखाली नर्सरीत नव्यानं आलेली संत्र्याची कलमं झाकून ठेवली होती. मागचं दार वाजलं. कमळा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. खड्डे बघितले, पोतं बघितलं, मला बघितलं.

"हे का करून राह्यले जी?"

"काही नाही," मी म्हणालो.

सगळ्या मोहटेकमध्ये कुणी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिनं ठेवला. तिचा चेहरा असा उजळला, जसा लग्नानंतर मी फार क्वचित पाहिला. ती खाली उतरली, माझ्या हातची पहार घेतली.

"मंग असे रांगेनं काऊन खंदता?" ती म्हणाली. "जरा हात मोकळा सोडा." आणि तिनं मातीत माझ्यासाठी एक मोठा गोल काढून दिला.